‘डीव्ही’ टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं: पहिल्या फोनपासून आदेशाच्या अंमलबजावणीपर्यंत

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तासभर बसलात तर तीन शब्द हमखास कानावर येतील: ‘चारशे अठ्ठ्याण्णव’, ‘एकशे पंचवीस’ आणि ‘डीव्ही’. त्यातले दोन आकडे कागदावर कधीच बदलले. १ जुलै २०२४ पासून छळाचं कलम ४९८-अ भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आणि पोटगीचं १२५ नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. पण बोलण्यात जुनेच आकडे आहेत, वकिलांच्याही. अडचण ही की माहेरची मंडळी तिन्ही गोष्टी एकच समजतात आणि ‘केस टाका’ एवढंच सांगून वकिलाकडून उठतात.

फरक सोपा आहे. ४९८ छळणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून. १२५ पोटगीसाठी. डीव्ही, म्हणजे ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’, हा मारहाण थांबावी, डोक्यावरचं छप्पर जाऊ नये आणि घर चालवायला पैसे मिळावेत म्हणून. तो २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्याआधी बाईपुढे दोनच वाटा होत्या: नवऱ्याला तुरुंगात पाठवा, नाहीतर सोडचिठ्ठी घ्या. ‘मला नांदायचंय, फक्त त्यानं हात उचलू नये’ असं म्हणणाऱ्या बाईसाठी कायद्याकडे काही नव्हतं. तिच्यासाठी हा कायदा आला. गंमत म्हणजे सरकारच्या आधीच्या मसुद्यात ‘सराईतपणे’ मारहाण केली तरच ती हिंसा मानायची, असा शब्द होता. महिला संघटनांनी तो हाणून पाडला. आजच्या कायद्यात एक थप्पडही पुरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात जेमतेम १४. हा लेख त्या चौदा जणींसाठी आहे, आणि उरलेल्यांच्या भावा-बहिणी-मैत्रिणींसाठी.

आधी ठरवा: हवंय काय?

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढे तीच नडते. एक कागद घ्या आणि लिहून काढा. याच घरात राहायचंय की वेगळं? मुलं कुणाकडे? महिन्याला किती पैसे लागतात? दागिने, कागदपत्रं कुणाच्या ताब्यात आहेत? त्यानं काय करू नये: मारू नये, कामाच्या ठिकाणी येऊन तमाशा करू नये, फोन करू नये?

या प्रत्येक उत्तराला कायद्यात वेगळं कलम आहे. मारहाण, पाठलाग, फोन बंद करायला कलम १८, म्हणजे संरक्षण आदेश. घरात राहायला किंवा पर्यायी घराचं भाडं मिळवायला कलम १९. खर्च, औषधपाणी, बुडालेला पगार यांसाठी कलम २०. मुलांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी २१. झालेल्या त्रासाची भरपाई २२. स्त्रीधन परत मिळवणं १९ मध्येच येतं. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही, म्हणून ही यादी वकिलाकडे जाण्याआधीच तयार हवी. आकडे पाठ करा असं नाही, पण ऑफिसात कलम सांगितलं की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

हा कायदा कुणाला, कुणाविरुद्ध

हा फक्त बायकोचा कायदा नाही. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून दिराविरुद्ध अर्ज करू शकते. लग्नासारखं नातं असलेली, एकत्र राहणारी बाईही करू शकते, पण ते नातं खरोखर संसारासारखं होतं हे दाखवावं लागतं. समोरचा पक्ष पूर्वी ‘सज्ञान पुरुष’ असावा लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हरसोरा खटल्यात ते शब्द काढून टाकले. त्यामुळे सासू, नणंद, जाऊ यांच्याविरुद्धही अर्ज होतो.

इथे एक कानपिचकी. राग आहे म्हणून नवऱ्याच्या मावशीपासून परदेशातल्या चुलत दिरापर्यंत सगळ्यांची नावं घालू नका. कुणी, कोणत्या दिवशी, काय केलं हे सांगता येत नसेल तर ते नाव कोर्टात टिकत नाही आणि जाताना खऱ्या तक्रारीची धारही घेऊन जातं.

हिंसा म्हणजे फक्त वळ नव्हे. कलम ३ मध्ये चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक आणि आर्थिक. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, दागिने परस्पर गहाण टाकणं, ‘मुलगीच झाली’ म्हणून टोमणे मारणं हे सगळं त्यात येतं. ‘मारत तर नाही ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला हे कलम वाचायला द्यावं.

जिवावर बेतलं असेल तर

वरचं सगळं नंतर. आधी ११२. पोलिसांची गाडी येते आणि त्या फोनची नोंद राहते. ही नोंद पुढे पुरावा म्हणून कामी येते. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते. राहायला जागा नसेल तर तिथून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा पत्ता घ्या. केंद्र सरकारने निर्भया निधीतून १ एप्रिल २०१५ पासून ही केंद्रं सुरू केली. तिथे समुपदेशन, दवाखाना, पोलीस आणि वकील यांच्याशी गाठ एकाच छताखाली घालून देतात आणि काही दिवस राहताही येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर शासकीय आधारगृह किंवा ‘शक्ती सदन’मध्ये सोय होते.

घर सोडावं लागेल अशी शंका असली तरी एक पिशवी आधीच शेजारणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवून द्या. आधार, रेशन कार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, औषधं, थोडी रोकड. कागद बाहेर काढता येत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवा आणि स्वतःच्या फोनमधून पुसून टाका. नवरा फोन तपासत असेल तर हा लेखही त्याच फोनवर वाचू नका.

दवाखाना: ‘बाथरूममध्ये पाय घसरला’

मार लागल्यावर बाई दवाखान्यात जाते आणि डॉक्टरांना हेच वाक्य सांगते. सोबत सासू उभी असते, काय करणार? पण केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच दोन वर्षांनी कोर्टात वाचलं जातं. म्हणून शक्य झालं तर एकटीने डॉक्टरांशी बोला आणि खरं सांगा: कुणी मारलं, कशाने, कधी. सरकारी रुग्णालयात त्याची मेडिको-लीगल नोंद होते. अजून कौटुंबिक घटना अहवाल (त्याबद्दल पुढे) भरलेला नाही या कारणावरून कोणत्याही दवाखान्याला या कायद्याखाली उपचार नाकारता येत नाहीत. २००६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते याच जाणिवेतून, की मार खाल्लेली बाई ठाण्याच्या आधी दवाखान्यात येते.

केसपेपरची झेरॉक्स त्याच दिवशी घ्या. जखमेचे फोटो त्या दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी काढा. काळंनिळं तेव्हाच नीट उमटतं.

पोलीस ठाणं

इथे दोन गोष्टी होतात: एफआयआर किंवा एनसी. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. बायका ‘मी चार वेळा कम्प्लेंट केली’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्या चार एनसी असतात. तरी त्या वाया जात नाहीत, प्रत्येकीची प्रत जपून ठेवा. तारखांची साखळी त्यातूनच दिसते.

छळाचा गुन्हा दखलपात्र आहे. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ घ्या म्हणा, नव्या संहितेत ती तरतूद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मात्र शेवटच्या छळाला तीन वर्षं उलटायच्या आत ही तक्रार व्हायला हवी. डीव्हीच्या अर्जाला तशी मुदत लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. माहेरी येऊन पाच वर्षं झालेल्या बाईला ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ठाण्यातला अधिकारी तुम्हाला काय सांगायला बांधील आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. कलम ५ प्रमाणे त्याने पाच गोष्टी सांगायच्या असतात: तुम्ही आदेशासाठी अर्ज करू शकता, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील मिळतो आणि ४९८ ची तक्रारही करता येते. ‘नवरा-बायकोचं भांडण, घरी जाऊन मिटवा’ ही सहावी गोष्ट त्या कलमात कुठेच नाही.

मोठ्या शहरांत ठाण्याच्या पायरीआधी ‘भरोसा सेल’ किंवा ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ गाठता आला तर बरं. हा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि नंतर तो राज्यभर पसरला. तिथे बसणाऱ्या व्यक्ती समाजकार्य शिकलेल्या असतात, गणवेशात नसतात. फरक पडतो.

संरक्षण अधिकारी: या कायद्याचं खरं दार

या माणसाचं नावच बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतो. कुठे बसतो ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा, किंवा तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा. खातं एकच, तिला बऱ्याचदा ठाऊक असतं. अनेक राज्यांत ही पदं नुसती नावाला होती. म्हणून २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सहा आठवड्यांत जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमायला सांगितलं. ‘आमच्याकडे असं कुणी नसतं’ हे उत्तर आता ऐकून घ्यायचं नाही.

त्याचं पहिलं काम म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल भरणं, नमुना १. सगळे त्याला ‘डीआयआर’ म्हणतात. छापील रकान्यांचा फॉर्म आहे: कोणत्या प्रकारची हिंसा, कधी, कुठे, कोणता आदेश हवा. इथे तुमचा तो पहिला कागद कामी येतो. फॉर्म घाईने भरू देऊ नका. ‘सतत मारहाण करतात’ यापेक्षा ‘गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री, स्वयंपाकघरात, लाटण्याने, मोठी मुलगी समोर होती’ हे शंभर पटीने वजनदार. तारीख आठवत नसेल तर सण, लग्नकार्य, शाळेची परीक्षा यांच्या आधाराने सांगा. अहवालाची प्रत मागून घ्या. सुरक्षिततेचा आराखडाही, म्हणजे नमुना ५, याच अधिकाऱ्याने तुमच्यासोबत बसून करायचा असतो. तो मागितल्याशिवाय सहसा निघत नाही.

डीआयआर नसेल तर अर्ज अडतो का? नाही. २०२२ च्या प्रभा त्यागी निकालानंतर हा मुद्दा संपला. तुम्ही थेट वकिलामार्फत अर्ज करू शकता. तरीही सोबत डीआयआर असेल तर पहिल्याच दिवशी काही मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून मी तरी तो भरायलाच सांगते.

आणि वकील? उत्पन्न कितीही असो, कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानेच. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन १५१००.

अर्ज, आणि त्याला चिकटलेला दुसरा अर्ज

अर्ज कलम १२ खाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. कोणत्या गावी? तुम्ही आत्ता जिथे राहता तिथे, तात्पुरत्या राहत असाल तरी. सासर पुण्याला, मारहाण नाशिकला आणि माहेर लातूरला असेल तर लातूरला अर्ज चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ अर्जाबरोबर कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि नमुना ३ मधलं शपथपत्र जोडलंच पाहिजे. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्ष जातं, दोन जातात. तोवर जगायचं कसं? त्याचं उत्तर कलम २३ मध्ये आहे. धोका दिसत असेल तर समोरच्याला न ऐकताही दंडाधिकारी तात्पुरता आदेश देऊ शकतात. वकील ‘डीव्ही टाकली’ म्हणाला की पहिला प्रश्न विचारा: अंतरिमचा अर्ज जोडला का? ‘नंतर टाकू’ असं उत्तर आलं तर वकिलाचं ऐकू नका, त्याच दिवशी टाकायला लावा.

घराबद्दल हमखास एक डाव खेळला जातो. ‘घर माझ्या नावावर नाही, आईच्या नावावर आहे.’ २००६ च्या एका निकालामुळे हा डाव बरीच वर्षं चालला. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला: सून म्हणून जिथे संसार केला ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ‘सामायिक घर’ ठरू शकतं. मग डाव बदलला. सासू-सासऱ्यांना पुढे करून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज, सुनेला बाहेर काढा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की सुनेचा राहण्याचा हक्क असा मागच्या दाराने काढून घेता येणार नाही. मालकी मिळते असं समजू नका. राहण्याचा हक्क मिळतो, आणि कधी त्याऐवजी तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराचं भाडं. नवऱ्याला घराबाहेर जायला सांगता येतं, घरातल्या बाईला, म्हणजे सासूला, तसं सांगता येत नाही.

पैशाचा मुद्दा

कोर्टात पाऊल टाकताच नवरा बेरोजगार होतो. शेती भावाच्या नावावर निघते, दुकान आईच्या. म्हणून २०२० च्या राजनेश विरुद्ध नेहा निकालाची आठवण ठेवा. मूळ खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून, असं तिथे ठरलं. त्याचं शपथपत्र खोडून काढायला तुमच्याकडे काही हवं: सातबारा ऑनलाइन निघतो, गाडीच्या कागदांचा फोटो, मुलांच्या फीच्या पावत्या, सोसायटीचं बिल, जुनी पगारपत्रकं, हॉटेलातले फोटो त्याच्याच स्टेटसवर. तुम्ही कमावत असाल तर तेही खरं लिहा. लपवलेलं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही शंका घेतली जाते.

नोकरदार असेल तर कलम २० मधली एक तरतूद सोन्यासारखी आहे: पगारातून रक्कम कापून थेट तुमच्या खात्यात जमा करायचा आदेश दंडाधिकारी त्याच्या मालकाला देऊ शकतात. अर्जात मालकाचं नाव-पत्ता लिहून हे स्पष्ट मागा.

व्हॉट्सॲपच्या धमक्यांचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतो.

समुपदेशन म्हणजे समझोता नव्हे

दंडाधिकारी कलम १४ खाली दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात. त्याला घाबरू नका, पण नियम माहीत हवा. त्या बैठकीत ‘ती उलट बोलली म्हणून हात उचलला’ असं समर्थन नवऱ्याला मांडता येत नाही. नियमांतच मनाई आहे. सुरुवातीला त्याच्याकडून पुन्हा हिंसा न करण्याची हमी घ्यायची असते. नांदायला जायचं ठरलं तर तडजोड लेखी, कोर्टाच्या नोंदीत. भावकीच्या बैठकीत घेतलेल्या शपथेवर विसंबून केस मागे घेऊ नका. सुनावणी बंद दाराआड व्हावी असं वाटत असेल तर तसं सांगा, कलम १६ आहे.

आदेश हातात आला

त्याची प्रत तुम्हाला, समोरच्याला आणि पोलीस ठाण्याला विनामूल्य मिळते. तरी स्वतः ठाण्यात एक प्रत देऊन पोहोच घ्या, एक प्रत शेजारी ठेवा, फोनमध्ये फोटो ठेवा. रात्री अकराला तो दारात आला तर ११२ वर सांगायचं: ‘माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे.’ आदेश मोडणं हा कलम ३१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे इथे एनसी चालत नाही.

पैसे थकले तर वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. तीन-चार महिने वाट पाहून मोठी रक्कम साठवण्यापेक्षा पहिल्या थकलेल्या महिन्यालाच करा. आदेश मनासारखा नसेल तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील. हे तीस दिवस आदेशाची प्रत हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून ती मिळाल्याची तारीख प्रतीच्या मागे लिहून ठेवा.